माणसे समजून घेणारा मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळांच्या पालकसभा, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या मासिक बैठका अशा ठिकाणी मेंदूविषयी बोलण्यासाठी मी गेली काही वर्षे जात आहे. बोलणे संपल्यावर लोक जवळ येऊन जे विचारतात, त्यातले बरेचसे प्रश्न स्मरणशक्तीचे किंवा बुद्ध्यांकाचे नसून माणसांचे असतात. शेजारीण बोलेनाशी झाली ते मनाला इतके का लागले, मुलगा कुणाच्या डोळ्यांत का पाहत नाही, आईला नव्या घरात करमत का नाही. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न आणि मला देता येतील तितकी जबाबदार उत्तरे येथे एकत्र केली आहेत. त्यांतून एक गोष्ट वारंवार येईल, म्हणून ती आधीच सांगते : दुसऱ्याचे मन आपल्याला थेट दिसत नाही, मेंदू त्याच्याविषयी सतत अंदाज बांधत असतो, आणि ते अंदाज सुधारतात ते सहवासाने आणि विचारपूस केल्याने.

माणसे समजण्यासाठी मेंदूत एखादे खास केंद्र असते का?

एकच एक केंद्र नसते; कामाची वाटणी असते. चेहरा ओळखण्यात मेंदूच्या तळाकडचा, कानांच्या मागच्या बाजूचा एक पट्टा पुढाकार घेतो. समोरचा कुठे पाहतो आहे, त्याची चाल कशी आहे, हात कशासाठी उचलला आहे याची दखल कानाच्या वरच्या अंगाला असलेली एक लांबट खाच आणि तिच्या आसपासचा भाग घेतो. पाहिलेली गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे का, तिच्यात धोका आहे का, हे ठरवण्यात बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाचा वाटा असतो. शरीराच्या आतल्या जाणिवा, म्हणजे छातीतली धडधड किंवा पोटात पडलेला खड्डा, इन्सुला नावाच्या भागापाशी नोंदल्या जातात. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करताना कानाच्या वर-मागे असलेला, मेंदूचे दोन खंड जुळतात तो सांध्याचा भाग आणि कपाळामागचा मधला भाग कामाला लागतात. यांतले बहुतेक भाग इतरही कामे करतात, त्यामुळे अमुक भाग म्हणजे अमुक भावना असे समीकरण कुणी मांडले तर ते जपूनच स्वीकारावे.

एक बाब मात्र मला नेहमी विलक्षण वाटते. आपण काहीच विशेष करत नसताना, उदाहरणार्थ लोकलच्या खिडकीशी नुसते बसलेले असताना, मेंदूतले जे जाळे सक्रिय असते त्याचा बराचसा भाग दुसऱ्यांच्या मनाचा विचार करणाऱ्या जाळ्याशी जुळतो. रिकामा वेळ मिळाला की मन नणंदेच्या बोलण्याकडे, साहेबांच्या चेहऱ्याकडे, मुलाच्या गप्प बसण्याकडे वळते, हा अनुभव सर्वांचाच आहे.

रोज लोकलमध्ये दिसणारी व्यक्ती बाजारात भेटली की चेहरा ओळखीचा वाटतो, पण ती कोण हे आठवत नाही. असे का होते?

गेल्या वर्षी दादरच्या फुलबाजारात एक बाई माझ्याकडे पाहून हसल्या, मीही हसले, आणि घरी पोचेपर्यंत त्या कोण हे मला आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी महिलांच्या डब्यात त्या माझ्या समोरच मेथी निवडत बसलेल्या होत्या. चेहरा ‘पाहिलेला आहे’ असे वाटणे आणि तो ‘कोणाचा’ हे कळणे ही मेंदूच्या दृष्टीने दोन निराळी कामे आहेत. पहिले काम फार वेगाने होते. दुसऱ्यासाठी नाव, जागा, नाते, पूर्वीचे बोलणे अशा आठवणी जोडाव्या लागतात, आणि त्या आठवणी जागेशी घट्ट बांधलेल्या असतात. डबा, मेथीची जुडी आणि ठरलेली खिडकी यांच्यावाचून मला त्या बाई सापडल्या नाहीत.

चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा जो पट्टा वर सांगितला, त्याचे सविस्तर वर्णन नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले. त्या भागाला इजा झाली तर नजर शाबूत असूनही माणूस घरच्यांचे चेहरे ओळखू शकत नाही. तो त्यांना आवाजावरून, चालीवरून, चष्म्यावरून ओळखतो. काही लोकांना कोणतीही इजा नसताना जन्मापासूनच ही अडचण असते आणि त्यांच्याविषयी ‘शिष्ट आहे, ओळख देत नाही’ असा गैरसमज वर्षानुवर्षे पसरलेला असतो. आपल्या इमारतीत असे कोणी असेल तर भेटताच आपणहून नाव सांगावे. एवढ्याने त्यांचे फार मोठे ओझे उतरते.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मेंदूला कसे कळते?

खरे तर ‘कळते’ हा शब्द येथे थोडा सैल आहे. मेंदू चेहरा, आवाज, प्रसंग आणि त्या माणसाची पूर्वीची माहिती एकत्र करून एक तर्क करतो. हा तर्क करण्यासाठी एक मूलभूत गोष्ट उमगावी लागते, ती अशी की मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, आणि त्याच्या डोक्यात असलेली समजूत चुकीची असली तरी तो त्या समजुतीप्रमाणेच वागणार.

ही गोष्ट मुलांना कधी उमगते हे तपासण्यासाठी हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये एक साधी चाचणी मांडली. घरी करून पाहावी अशीच ती आहे. माझी भाची तीन वर्षांची असताना मी तिला सांगितले : आजीने लाडवांचा डबा फळीवर ठेवला आणि ती देवळात गेली, मग आईने तो डबा फळीवरून काढून कपाटात ठेवला, आता आजी परत आली, तर ती डबा कुठे शोधेल? भाचीने क्षणाचाही विलंब न लावता कपाटाकडे बोट दाखवले. डबा कपाटात आहे हे तिला माहीत होते, आणि तिच्या लेखी ते सगळ्या जगाला माहीत होते. पुढच्या दिवाळीनंतर हाच प्रश्न विचारला तेव्हा ती आधी फळीकडे पाहून हसली आणि मग म्हणाली, “आजीला कुठे माहितीये!” साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांमध्ये हा बदल दिसतो. त्याआधीच्या वयातली मुलेही नजरेवरून काही प्रमाणात असा फरक ओळखत असावीत का, यावर संशोधकांमध्ये अजून मतभेद आहेत.

प्रौढांमध्ये अशा गोष्टी ऐकताना कानाच्या वर-मागे असलेला सांध्याचा भाग, विशेषतः उजवीकडचा, अधिक सक्रिय होतो असे रिबेका सॅक्स आणि कॅनविशर यांनी २००३ मध्ये दाखवले. त्या माणसाचे दिसणे किंवा त्याची शारीरिक स्थिती यांचे वर्णन ऐकताना तो भाग तितका सक्रिय होत नाही. त्या माणसाला काय वाटते, काय ठाऊक आहे हे सांगितले की होतो.

इतकी वर्षे संसार झाला, तरी जोडीदाराच्या मनातले का ओळखता येत नाही?

कारण ओळखता येते ही खात्री जितकी वाढते तितकी अचूकता वाढत नाही. जवळच्या माणसाशी बोलताना आपण त्याला सगळे कळले असे धरून चालतो आणि अर्धे वाक्य मनातच ठेवतो. ‘तुम्हाला कळायला नको का?’ हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा उच्चारले जाते! ताल इयाल, मेरी स्टेफल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचा एक संच प्रसिद्ध केला. ‘स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून पाहा’ असे सांगितल्याने त्याच्या मनातले ओळखण्याची अचूकता वाढते का, असा त्यांचा प्रश्न होता. अचूकता वाढली नाही. समोरच्याला सरळ विचारण्याची संधी दिली, तेव्हा मात्र ती वाढली.

मला हे निष्कर्ष फार मोलाचे वाटतात. स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवल्याने मन मऊ होते, राग निवळतो, हे खरे आणि ते हवेच. पण त्याच्या जागी आपण स्वतःला ठेवतो तेव्हा तेथे असतो तो आपलाच मेंदू, आपल्याच आवडीनिवडींसह. कामावरून थकून आलेल्या माणसाला बोलावेसे वाटते की गप्प बसावेसे, हे चहाचा कप हातात देताना त्यालाच विचारलेले बरे.

‘आरसा पेशीं’मुळे आपल्याला दुसऱ्याच्या भावना कळतात, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे आणि फार ताणून सांगितले जाते. इटलीतील पार्मा विद्यापीठात जियाकोमो रिझोलाती यांच्या गटाला माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी आढळल्या, ज्या माकडाने स्वतः एखादी वस्तू उचलताना उद्दीपित होत आणि दुसऱ्याने ती उचललेली पाहतानाही उद्दीपित होत. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. कृती करणे आणि कृती पाहणे यांसाठी मेंदू काही सामग्री सामाईक वापरतो, एवढे त्यातून नक्की कळते. त्यावरून सहानुभूती, भाषा, स्वमग्नता (ऑटिझम) या सर्वांचे मूळ याच पेशींत आहे असे जे दावे पुढे केले गेले, त्यांना पुरेसा आधार मिळालेला नाही.

दुसऱ्याचे दुखणे पाहून आपल्याला का दुखते? आणि घरी आजारी माणसाची सेवा करताना मी इतकी का थकते?

तानिया सिंगर यांच्या गटाने २००४ मध्ये १६ जोडप्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात पायाभूत मानला जातो. स्त्रिया एमआरआय यंत्रात होत्या आणि त्यांचे जोडीदार शेजारी बसलेले होते. हाताला किंचित विजेचा झटका कधी तिला दिला जाई, कधी त्याला. स्वतःला झटका बसताना इन्सुलाचा पुढचा भाग आणि मेंदूच्या मध्यरेषेलगतचा एक पट्टा सक्रिय झाला. जोडीदाराला झटका बसणार अशी खूण दिसताच, त्याचा चेहरा दिसत नसतानाही, हेच भाग पुन्हा सक्रिय झाले. वेदना शरीरात नेमकी कुठे झाली हे नोंदवणारा भाग मात्र दुसऱ्या वेळी तसा सक्रिय झाला नाही. म्हणजे दुखण्याचा ठावठिकाणा आपल्याकडे येत नाही, त्यातला त्रास तेवढा येतो.

आता थकव्याविषयी. दुसऱ्याचा त्रास स्वतःत ओढून घेणे आणि त्याच्याविषयी माया, करुणा वाटणे या दोन अवस्था मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या जाळ्यांवर चालतात, असे सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या पुढील कामातून दिसले. केवळ सहवेदनेचा सराव केलेल्या लोकांमध्ये त्रासदायक भावना वाढल्या. करुणेचा, म्हणजे ‘याला बरे वाटो’ अशा भावाचा, सराव केल्यावर त्या कमी झाल्या आणि समाधानाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. परळला टाटा किंवा केईएम रुग्णालयाच्या आवारात महिनोन् महिने काढणाऱ्या कुटुंबीयांना मी एवढेच सांगते की रुग्णासोबत रडत राहिले नाही म्हणून माया कमी होत नाही. पाळीपाळीने थांबावे, जेवण चुकवू नये, आणि आळीपाळीने कुणीतरी घरी जाऊन पूर्ण झोप घ्यावी.

कोणी बोलणे टाकले तर ते एवढे का लागते?

आपल्या भाषेतच उत्तराचा निम्मा भाग आहे : शब्द ‘लागतात’, मन ‘दुखावते’, घाव ‘वर्मी बसतो’. नाओमी आयझनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किप्लिंग विल्यम्स यांनी २००३ मध्ये लोकांना संगणकावर चेंडू टाकण्याचा एक खेळ खेळायला दिला, ज्यात थोड्या वेळाने बाकीचे दोघे त्यांना चेंडू देणेच बंद करत. इतक्या क्षुल्लक वगळण्यानेही, शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणाऱ्या मध्यरेषेलगतच्या भागात हालचाल वाढली, आणि ज्यांना अधिक वाईट वाटले त्यांच्यात ती अधिक होती. नंतरच्या अभ्यासांनी यात एक आवश्यक दुरुस्ती केली : तो भाग इतर अनेक प्रसंगी सक्रिय होतो, आणि बारकाईने पाहिले तर नकाराचे दुःख आणि भाजल्याची वेदना यांचे मेंदूतले नमुने वेगवेगळे ओळखता येतात. तेव्हा दोन्ही एकच आहेत असे म्हणू नये; पण नाकारले जाण्याची दखल मेंदू तातडीने घेतो, हे निर्विवाद आहे. मनुष्य ज्या काळात घडला त्या काळात टोळीबाहेर पडणे म्हणजे जीव गमावणे होते.

याच कारणाने वाळीत टाकणे ही शिक्षा मारहाणीपेक्षा कमी क्रूर मानता येत नाही. कोकणातल्या गावकीने किंवा जातपंचायतीने बहिष्कृत केलेली कुटुंबे मुंबईत येऊन राहिली तरी गावचे दार बंद झाल्याचे दुःख त्यांच्या बोलण्यातून जात नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा केला, तो २०१६ चा.

ऑक्सिटोसिन हे ‘प्रेमाचे संप्रेरक’ आहे का?

हे नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करते. ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू आहे. प्रसूतीच्या कळा आणि अंगावर दूध उतरणे ही त्याची फार पूर्वीपासून ज्ञात असलेली कामे आहेत. व्हिन्सेंट द्यू व्हिनियो यांनी १९५३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला आणि त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्यभर जोडीने राहणाऱ्या अमेरिकेतील प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांवरील संशोधनामुळे जोडीबंधाशी त्याचे नाव जोडले गेले. मात्र २०२३ मध्ये या प्राण्यांतील ऑक्सिटोसिनचा ग्राहकच (पेशीवर ते जेथे चिकटून काम करते तो रेणू) जनुकीय तंत्राने काढून टाकल्यावरही त्यांनी जोड्या जमवल्या, तेव्हा बंध एकाच रसायनावर उभा नसतो हे स्पष्ट झाले. नाकात फवारा मारल्याने परक्यांवरचा विश्वास वाढतो, हा २००५ मधला गाजलेला निष्कर्षही २०२० मधील मोठ्या प्रयोगात पुन्हा मिळाला नाही. ऑनलाइन विकले जाणारे असे फवारे घेऊन घरातली भांडणे मिटतील या आशेवर पैसे खर्च करू नयेत.

बाळाला तेल लावून चोळण्याचा मेंदूशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सुंदर आहे. केसाळ त्वचेत काही मंदगती चेतातंतू असतात, जे टोचणे किंवा दाबणे यांपेक्षा हळुवार गोंजारण्याला उत्तम प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने. कोणीही न शिकवता आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग नेमका याच पट्ट्यात येतो. हे तंतू आपली वार्ता इन्सुलापर्यंत पोचवतात, जेथे स्पर्शाचा ‘बरे वाटणे’ हा गुण नोंदला जातो. अंगाला तेल लावणाऱ्या बाईंचा जोरकस हात बाळाला न रुचल्यास तो हलका करायला सांगावा. बाळ रडते म्हणजे अंग ‘मोकळे होते’ ही समजूत सोडून द्यावी.

स्पर्शाची गरज मोठेपणी संपत नाही. जेम्स कोअन यांनी २००६ मध्ये विवाहित स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, विजेचा झटका बसण्याची भीती असताना पतीचा हात हातात असला तर मेंदूचा भयप्रतिसाद कमी झाला. परक्याचा हात धरल्यानेही थोडा फरक पडला, पतीच्या हाताने अधिक, आणि ज्यांचे नाते अधिक समाधानाचे होते त्यांच्यात सर्वांत जास्त.

बाळाला मोबाइलवर गाणी, गोष्टी दाखवल्या तर ते बोलायला लवकर शिकेल का?

पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून १२ बैठकांत बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तीच व्यक्ती, तेच शब्द चित्रफितीवर दाखवलेल्या बाळांनी काहीच शिकले नाही. बाळाचा मेंदू आवाजाबरोबर नजर, प्रतिसाद आणि आपल्यासाठी थांबणारे माणूस शोधत असतो. तो प्रतिसाद तुटला तर काय होते हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवले : बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला की बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलावू पाहते आणि शेवटी तोंड फिरवून रडू लागते. बाळाला पाजताना पडद्यात डोळे घालून बसणाऱ्या आईवडिलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते, दोष देण्यासाठी नव्हे. आई पुन्हा हसली की बाळाशी सूर बहुधा पुन्हा जुळतो, हेही त्याच प्रयोगात दिसते.

घरी शहाणा असलेला मुलगा मित्रांबरोबर असताना लोकलच्या दाराला का लटकतो?

किशोरवयात समवयस्कांची नजर मेंदूला स्वतंत्र बक्षिसासारखी वाटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली, तेव्हा मित्र पाहत आहेत हे कळताच किशोरांनी जास्त धोके पत्करले आणि त्यांच्या मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांमध्ये हा फरक पडला नाही. मुलाला धोका कळत नाही असे नसते. ‘जिवाचे काही झाले तर’ हे त्याला शंभरदा सांगून झालेले असते. म्हणून त्याच्या मित्रांना घरी बोलवावे, त्यांच्याशी ओळख ठेवावी, आणि गटात एकाने ‘आत ये रे’ म्हटले तर ऐकले जाते हे त्या मुलांनाच सांगावे.

स्वमग्न व्यक्तींना इतरांबद्दल भावना नसतात का?

हा समज चुकीचा आहे आणि त्याने फार माणसे दुखावली गेली आहेत. स्वमग्न व्यक्तीला समोरच्याचे मन वाचणे अवघड जाते, असे बरीच वर्षे एकाच बाजूने मांडले गेले. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की ही अडचण दुहेरी आहे : बाकीच्यांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही, फक्त ते बहुसंख्य असल्याने त्यांच्याकडे दोष जात नाही. पुढे झालेल्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी साखळीने माहिती सांगितली, तेव्हा केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती स्वमग्न आणि इतर अशा मिश्र साखळीत.

डोळ्यांत पाहणे अनेकांना असह्य होते. ‘माझ्याकडे बघून बोल’ असे दरडावल्याने मुलाचे सारे लक्ष ते सहन करण्यात जाते आणि बोललेले डोक्यावरून जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हा शाळेकडून सवलती मागणे हा पालकांचा हक्क आहे.

एकत्र ढोल वाजवताना किंवा भजन म्हणताना वेगळेच का वाटते?

ताल जुळला की माणसे जवळ येतात, हे अगदी लहानपणापासून दिसते. लॉरा सिरेली यांच्या २०१४ मधील प्रयोगात १४ महिन्यांच्या बाळांना संगीताच्या तालावर झुलवले गेले. समोरची व्यक्ती त्याच लयीत झुलली असेल तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्यात बाळे अधिक तत्पर होती. ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवरील २०१० मधील अभ्यासात, तेवढेच श्रम एकट्याने केल्यापेक्षा एकत्र लयीत केल्यावर वेदना सहन करण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे.

लोकलमधल्या भजनी मंडळात हे अगदी जवळून दिसते. टाळ, चकवा आणि डब्याच्या पत्र्यावर पडणारी थाप. घाम, धक्के, वेळेची ओढ सारे तसेच असते, पण गजर सुरू झाला की दाराशी उभा असलेला, मंडळातला नसलेला माणूसही ओठ हलवू लागतो. गणेशोत्सवाआधी ढोलपथकांत महिनाभर सराव केलेली मुले-मुली पुढे वर्षानुवर्षे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जातात, त्याचे कारण केवळ मैत्री नाही. त्यांचे हात कित्येक तास एका ठेक्यावर पडलेले असतात.

इतक्या गर्दीच्या शहरात एकटेपणा कसा वाटू शकतो?

गर्दी आणि सहवास या मेंदूसाठी वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणूस फार जवळ आला की अमिग्डाला सावध होते. दोन्ही बाजूंची अमिग्डाला नष्ट झालेल्या, संशोधनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला कोणी नाकासमोर येऊन उभे राहिले तरी अवघडल्यासारखे होत नसे. आपल्याला होते, म्हणून सहाच्या सुमाराच्या डब्यात आपण डोळे मिटतो, कानात आवाज भरतो आणि स्वतःभोवती कुंपण घालतो. असे दोन तास शरीराने माणसांत आणि मनाने माणसांपासून दूर गेलेले असतात.

एकटेपणा हा भुकेसारखा इशारा आहे, ही मांडणी जॉन कॅसिओपो यांनी केली. लिव्हिया तोमोवा आणि सॅक्स यांनी २०२० मध्ये ती प्रत्यक्ष तपासली : १० तास माणसांपासून आणि फोनपासून दूर ठेवलेल्या लोकांना माणसे एकत्र असल्याची छायाचित्रे दाखवली, तेव्हा मध्यमेंदूतील ओढीशी संबंधित भाग तसाच उजळला, जसा १० तास उपाशी ठेवल्यावर अन्नाच्या छायाचित्रांनी. भूक फार दिवस मारली की ती उलट वागू लागते. एकटेपणाचेही तसेच होते. दीर्घकाळ एकटे राहिलेला माणूस इतरांच्या चेहऱ्यांत नकार शोधू लागतो, आणि कोणी बोलवायला आले तरी ‘उगाच कशाला’ म्हणून दार लोटतो.

शरीरावरचा परिणामही खरा आहे. जुलियन होल्ट-लनस्टॅड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा नातेसंबंध भक्कम असलेल्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्के अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक बंधांसाठी स्वतंत्र आयोग नेमला, तो याच चिंतेतून.

चाळ पाडून टॉवर झाला, घर मोठे झाले, तरी आईला करमत नाही. काय करावे?

वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही कष्टकरी कुटुंबांसाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि आईच्या तक्रारीला कृतघ्नपणा समजू नये. चाळीच्या सामाईक गॅलरीतून नळावर जाताना-येताना तिच्या मेंदूला दिवसाकाठी वीस-पंचवीस चेहरे, नावे, खबरी मिळत असत : कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या घरी कढी उतू गेली, कोण खोकते आहे. त्यासाठी तिला वेगळे ‘भेटायला’ जावे लागत नव्हते. दार लोटलेले असे, बंद नसे. बाविसाव्या मजल्यावर दार आपोआप बंद होते आणि उद्वाहनात भेटणारा माणूस आकड्यांकडे पाहत उभा असतो.

म्हणून तिला ‘खाली बागेत जात जा’ असे नुसते सांगण्याने भागत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तीच माणसे लागतात. माझ्या परिचयातील एका घरी जुन्या चाळीतल्या चौघी आता निरनिराळ्या मजल्यांवर आहेत. सुनेने ठरवून रोज दुपारी चारला त्यांना तळमजल्याच्या बाकावर एकत्र आणले. पहिले आठ दिवस सासूबाई कुरकुरत गेल्या. आता त्या भाजी सोबत घेऊनच उतरतात, आणि पाचव्या, नव्याने राहायला आलेल्या एक गुजराती आजी त्यांच्या शेंगा सोलून देतात.

वडील अलीकडे तुसडे, बेफिकीर झाले आहेत. हा वयाचा परिणाम समजावा का?

लगेच तसे समजू नये. आयुष्यभर मायाळू असलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक इतरांच्या दुःखाबद्दल उदासीन झाला, चारचौघांत अवघड वाटेल असे बोलू लागला, तर कपाळामागच्या आणि कानशिलाकडच्या भागांची झीज करणारा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश यामागे असू शकतो. यात सुरुवातीला स्मरणशक्ती चांगली राहते, त्यामुळे घरचे त्याला स्वभावदोष समजून वर्षे घालवतात. ऐकू कमी येणे हेही माणूस तुटण्याचे अगदी साधे आणि दुर्लक्षित कारण आहे. कानांची तपासणी आधी करावी.

मदत कुठे मिळेल?

मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. अचानक आलेला स्वभावबदल, वाढता स्मृतिभ्रंश किंवा बोलणे समजेनासे होणे यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. मुलाच्या वाढीबद्दल शंका असेल तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ या आश्वासनावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना विचारावे. मन फार खचले असेल आणि कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. स्वतः फोन करण्याचे बळ नसेल तर शेजारच्या, विश्वासाच्या माणसाला क्रमांक लावून द्यायला सांगावे आणि त्याला जवळ बसवून बोलावे.